"आली का गं?"

पीएचडीच्या काळात आप्पांचा फोन रोज रात्री जेवणाआधी यायचा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला काय भाव निघाला ते आधी सांगायचे आणि मग फेलोशिपचं विचारायचे, "आली का गं?" मी म्हणायचे, "नाही आप्पा, फाइल पुढे गेलीय म्हणतात."

ऑगस्ट २०१९ मध्ये मी रुजू झाले. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, तेव्हा महिना ३१,००० रुपये होती. पहिले पैसे खात्यात पडले मार्च २०२० मध्ये. मधले सात महिने माझी कॉट, मेस आणि फी आप्पांनी टोमॅटोतून भागवली.

मी भौतिकशास्त्राकडे गेले ते नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे, जीएमआरटीमुळे. आमच्या वस्तीवरून तिच्या तबकड्या दिसतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळेबरोबर गेले होते. मोबाइल बंद करायला लावले, कारण आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण की शेजारच्या फोननेही तो बुडतो. तिथल्या एका दादांनी जाळी दाखवली ती अजून डोळ्यांसमोर आहे. ४५ मीटर व्यासाची तबकडी भरीव पत्र्याची केली तर वारा तिला रेटणार, तो रेटा पेलायला पोलाद वाढणार आणि पोलादाबरोबर खर्च. म्हणून ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या तारदोरांवर स्टीलच्या बारीक तारांची जाळी बसवली. रेडिओ लहरींना ती आरशासारखी, वाऱ्याला मात्र चाळणी. अशा ३० तबकड्या आहेत. १४ मधल्या भागात, १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन हातांवर, सगळ्या मिळून साधारण २५ किलोमीटरच्या टापूत. जगातला कुणीही प्रपोजल पाठवतो, ते पसंत पडलं तर निरीक्षणाची वेळ मिळते. आमच्या शिवारात हे उभं आहे याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे.

ती काटकसर विचार करून केलेली होती. आमच्या फेलोशिपच्या उशिरामागे तसा कुणाचा विचार नव्हता, आणि तेच मला जास्त लागतं. दर महिन्याला गाईडची हजेरीवर सही, मग विभाग, मग अकाउंट्स, मग पोर्टल. मागचे पैसे कशावर खर्च झाले त्याचा विनियोग दाखला वेळेत गेला नाही की पुढचा हप्ता अडायचा, आणि एकाच्या कागदापायी सगळे थांबायचे. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. त्यांच्या हातातही काही नव्हतं.

आमच्या बॅचला सहा जण होतो. टिकले दोघं, दोघांच्याही घरी दरमहा पगार येत होता. बाकीचे चौघं हुशारीत कमी नव्हते. एकजण आता तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवतो, सुट्टीचे महिने बिनपगारी. मी २०२२ मध्ये सोडलं. एसआरएफ, म्हणजे जेआरएफनंतरची फेलोशिप, पाच महिने थकली होती आणि त्याच उन्हाळ्यात आप्पांचं ऑपरेशन निघालं. आता मगरपट्ट्यात विम्याच्या दाव्यांचा डेटा बघते. पगार एक तारखेला येतो.

२९ जून २०२३ ला ऑफिसात बातमी वाचली. पल्सार म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणारे मृत तारे. त्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजून, विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या लहरींच्या, खुणा सापडल्या होत्या. त्यात खोडदची निरीक्षणंही होती. त्या गटाशी माझा संबंध नव्हता, पण मीही पल्सारवरच काम करत होते. जिन्यात जाऊन रडले.

त्याच वर्षी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटींची गोष्ट होती, त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा. जेआरएफ ३७,००० झाली. २०२५ मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन निधीला मंजुरी मिळाली, पण तो मुख्यतः उद्योगांना कमी व्याजानं दीर्घ मुदतीचं भांडवल देण्यासाठी. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी २,६०० कोटी मंजूर आहेत. व्हायलाच हवं ते, मला मनापासून वाटतं. पण त्या चार किलोमीटरच्या भुजांपाशी रात्री जागणारी मुलं हिंगोली-परभणीच्या घरांतून यायची असतील, तर त्यांची फेलोशिप महिन्याच्या महिन्याला मिळायला हवी. त्यासाठी रक्कम वाढवायचीही गरज नाही. दाखला संस्थेकडून अडला तर संस्थेला विचारा, मुलाचे पैसे थांबवू नका. शिक्षकांचा पगार जसा दरमहा निघतो तशी फेलोशिपही काढा.

माझ्या चुलतभावाची मुलगी यंदा नेट पास झाली, जेआरएफसह. तिलाही पल्सारच हवेत. मी तिच्यासाठी वेगळं खातं काढून त्यात सहा महिन्यांचं भाडं आणि मेस टाकून ठेवलंय. परवा आप्पा तिला म्हणाले, "आली का म्हणून मी विचारणार नाही. तू अभ्यासाचं सांगत जा."