तिकडं घरात गाडी बनवायलाईस म्हणं?

सुट्टीवर कोल्हापूरला आलोय आणि भेटेल तो एकच विचारतोय, काय रं, तिकडं घरात गाडी बनवायलाईस म्हणं? आईनं सगळ्या गल्लीत सांगून ठेवलंय, आणि तिच्या सांगण्यात ती गाडी कधीच पूर्ण होऊन रस्त्यावर पळायला पण लागलीय. म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं.

तर होय, बनवतोय. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला माझ्या घराला लागून सिंगल गॅरेज आहे. तिकडच्या जुन्या घरांची गॅरेजं इतकी अरुंद की आत्ताची गाडी आत घातली तर दार उघडून उतरता येत नाही, म्हणून बहुतेक लोक त्यात सायकली, रंगाचे डबे आणि टाकवत नाही असलं सामान भरून ठेवतात. मी तिथं टू सीटर स्पोर्ट्स कार जोडतोय. छप्पर नाही, धड दारं नाहीत, लांबडं बॉनेट, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर आणि बूड रस्त्याला टेकतंय की काय असं वाटावं इतकी खाली बसायची जागा. लोटस सेव्हन ज्यांना माहितेय त्यांना लगेच कळेल, त्याच घराण्यातली.

हे खूळ तिकडं जुनं आहे. लोटस सेव्हन आली १९५७ साली, लोटस कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमनची. त्या काळात तिकडं तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा पण सुटे भाग घेऊन स्वतः जोडली तर तो वाचायचा, म्हणून लोकं खोक्यात गाडी आणून घरी जोडायची. असं सांगतात की जोडायची माहिती सोबत दिली तर टॅक्स बसला असता, मग कंपनीनं गाडी सुटी कशी करायची ते लिहून दिलं आणि गिऱ्हाईक ते खालून वर वाचायचं! खरंखोटं लोटसवाल्यांना माहीत, पण कोल्हापुरात कुणालाही सांगा, डोकं कुणाचं चाललं असेल हे लगेच पटतं. पुढं १९७३ ला पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, टॅक्स वाचायचं कारण संपलं, आणि त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क कॅटरहॅम कंपनीला दिले, ते आजपण ती गाडी बनवतात आणि हवी तर सुटी पण देतात. कॅटरहॅम माझ्या खिशाच्या बाहेरची. त्यामुळं मी केलं ते गरिबाचं, डोनर कारवालं.

डोनर म्हणजे एक जुनी गाडी घ्यायची आणि तिचं काळीज काढून नव्या सांगाड्यात बसवायचं. माझी डोनर मझदा एमएक्स-५. इंजिन उभं बसवलेलं, ड्राइव्ह मागच्या चाकाला, म्हणजे या कामाला एकदम फिट, आणि तिकडं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ मारतात त्यानं या गाड्यांचे दाराखालचे सिल गंजून चाळण होतात, त्यामुळं बॉडी गेलेली पण इंजिन झकास अशी गाडी स्वस्तात मिळते. तिच्यातनं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, हब, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग सगळं काढलं आणि उरलेला पत्रा भंगारात. सांगाडा म्हणजे स्पेसफ्रेम, एक इंची स्क्वेअर पाईप तिरके-सरळ वेल्ड करून केलेला पिंजरा, त्यावर ॲल्युमिनिअमचा पत्रा चिकटवून वरनं रिव्हेट. लई जणं पाईप कापून पिंजरा पण घरीच वेल्ड करतात, मी तो तयार घेतला कारण सस्पेन्शन जिथं अडकतं त्या ब्रॅकेटला माझं वेल्डिंग नको असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ एमएक्स-५ टनभर वजनाची, ही झाली की सहाशे किलोच्या आसपास जाईल. इंजिन तेच, वजन एवढं कमी, म्हणजे पळणार कशी ते सांगायला नको.

हे सगळं मामांना उद्यमनगरात त्यांच्या शेडमध्ये सांगत होतो. मामा आयुष्यभर लेथवर. त्यांनी चहा सांगितला, फोटो झूम करून करून बघितले आणि म्हणाले, "मर्दा, ह्यात अवघड काय हाय? हितं आठ दिवसात करून देतो." आणि मला खरंच वाटतं करतील. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतनं गाड्यांची कास्टिंगं देशभर जातात, उद्यमनगरात एका गल्लीत पॅटर्नवाला, दुसऱ्यात मिलिंगवाला, तिसऱ्यात ग्राइंडिंग, हार्डनिंगला कुठं जायचं ते चहावाला पण सांगतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, इथं बाहेरनं मशीन आणायच्या आधी आपण करून बघू का हा विचार पहिला येतो. आणि गाडीचा नाद म्हणाल तर दसऱ्याला दसरा चौकात राजाराम महाराजांची जुनी मेबॅक गाडी बघायला जी गर्दी होते ती बघा.

कॉव्हेंट्री पण एकेकाळी तसलंच गाव. आधी सायकली, मग डेमलर, ट्रायम्फ, जॅग्वार, गल्लोगल्ली टूलरूम. आता बारका जॉब घेऊन गेलं की आधी ड्रॉइंग ईमेल करा, मग कोटेशन येतं, आणि मिनिमम चार्ज ऐकूनच माणूस गप परत येतो. म्हणून मी विशबोनचे, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणाऱ्या तिकोनी दांड्यांचे, स्लीव्ह कोल्हापूरसाठी राखून ठेवले होते. विशबोनच्या टोकाला पॉलियुरेथिनचा, रबरासारखा बुश असतो आणि त्याच्या आत स्टीलची नळी, तीच स्लीव्ह, तिच्यातनं बोल्ट जातो. किटसोबत, म्हणजे सांगाड्याबरोबरच्या सुट्या भागांत आलेल्या नळ्या मला ढिल्या वाटत होत्या. मामांना सॅम्पल दिलं, त्यांनी व्हर्निअर लावायच्या आधी विचारलं, "नळी रबरापेक्षा लांब ठिवायची न्हवं?" अगदी बरोबर, नळी थोडी बाहेर पाहिजे म्हणजे बोल्ट आवळल्यावर ब्रॅकेट नळीला पकडतं आणि बुश मोकळा फिरतो, नाहीतर बुशच आवळला जातो आणि सस्पेन्शन जाम. किटच्या पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही, मला तिकडच्या एका पेन्शनर किटवाल्यानं समजावलं होतं, आणि मामांना गाडी न बघता कळलं. ईएन-८ स्टीलमध्ये टर्न करून, बारा एमएमचा रीमर मारून संध्याकाळपर्यंत सगळे नग हातात. पैसे घेतले नाहीत, उलट जेवूनच जा म्हणाले.

मग मामांनी विचारलं, "पण पासिंगचं काय? आरटीओ सोडतंय व्हय असली गाडी?"

इथं सगळी गोम आहे. तिकडं एकट्या माणसानं बनवलेल्या एका गाडीसाठी वेगळी टेस्टच आहे, इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल, सगळे आयव्हीए म्हणतात, २००९ पासून आहे, त्याआधी एसव्हीए होती. गाडी ट्रेलरवर टाकून सरकारी टेस्ट सेंटरला न्यायची आणि तिथला इन्स्पेक्टर अर्धा-अधिक दिवस तिच्यामागं लागतो. ब्रेक, लाइट, आरसे, धूर हे आलंच. पण त्यांचा जीव बारक्या गोष्टीत. १०० एमएमचा गोळा बाहेरनं गाडीवर फिरवायचा, तो जिथं जिथं टेकेल तिथल्या कडेला किमान अडीच एमएमची गोलाई पाहिजे, कारण पायी जाणारा माणूस धडकला तर कापला जाऊ नये. म्हणून किटवाले प्रत्येक नटाला प्लास्टिकची टोपी घालतात, पत्र्याच्या कडांना रबर ट्रिम लावतात. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर ठरावीक हद्दीपर्यंत चालतं. सायलेन्सरचा आवाज ९९ डेसिबलच्या आत. मागचा फॉग लाइट मधोमध किंवा उजव्या बाजूलाच. आणि वळणावर स्टिअरिंग सोडलं की ते आपलं आपण मध्याकडं आलं पाहिजे, हलक्या गाड्यांची बोंब इथंच होते, कॅस्टरचा, म्हणजे पुढची चाकं ज्यावर वळतात त्या आसाच्या कलाचा, अँगल बघून सेट करावा लागतो. नापास झालात तर कारणांची यादी हातात देतात, दुरुस्त करून परत या. ही यादी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नाही म्हणतात पण का नाही ते लिहून देतात. पास झाली की नंबर, आणि भाग कुठल्या कुठल्या गाडीतले असून वय ठरवता येत नसेल तर क्यू अक्षरानं सुरू होणारी प्लेट.

आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करू देत नाही, आणि नवीन गाडी म्हटली की नियम १२६ खाली प्रोटोटाइप, म्हणजे नमुना गाडी, पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं पास करून आणायचा, जे कारखान्यांसाठी ठीक आहे, एक नग बनवणाऱ्या लेथवाल्याला कुठनं परवडणार. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे ते लोहार आठवतात का, भंगारातनं किक मारून चालू होणारी बारकी जीप केली होती, व्हिडिओ सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर आला होता? आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, २०२२ ला बदल्यात बोलेरो दिली, आणि आधीच तेही म्हणाले होते की ही गाडी नियमात बसत नाही. बोलेरो मिळाली चांगलंच झालं. पण मला अजून वाटतं, त्या माणसाला कुणीतरी यादी द्यायला पाहिजे होती, ब्रेक असा पाहिजे, लाइट इथं पाहिजे, करून आण मग बघू. हात आपल्याकडं आहेत, मशीन आहेत, पोरं कॉलेजात बाहा या इंजिनिअरिंगच्या स्पर्धेसाठी बग्ग्या बनवतात आणि पिथमपूरला जाऊन पळवतात, आणि मग ती बग्गी कॉलेजच्या मागं ताडपत्रीखाली. रस्त्यावर आणायची वाटच नाही.

मामा म्हणाले, "आरं पण वाट सोडली तर कोण काय बनवंल ह्याचा नेम हाय का?" हेही खरंच. तिकडं ब्रेकच्या पाईपला क्लिप कमी पडली तर टेस्ट नापास, इथं ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांना टेललाइट नसतो उसाच्या सीझनला. आधी ते सुधारावं लागंल.

खर्चाचं पण सगळे विचारतात. एका बऱ्या सेकंडहँड गाडीएवढा झालाय, आणि विकली तर तेवढे येणार नाहीत, किटवाल्यांना हे माहीत असतं. मामांना हे अजिबात पटलं नाही. "मग धंदा काय ह्यात?" काहीच नाही म्हटलं, तर त्यांनी दुसरा चहा सांगितला आणि विषय उसाच्या दरावर नेला.

आता परत गेल्यावर विशबोन बसवायचे, ब्रेकचं ब्लीडिंग, वायरिंगचा गुंता, मग व्हील अलाइनमेंट आणि टेस्टची तारीख. थंडी पडायच्या आत बॉडीचा रंग उरकायचाय, त्या गॅरेजात हिवाळ्यात रंग वाळतच नाही. कुणाला डोनर गाडी निवडताना काय बघायचं ते सविस्तर पाहिजे असेल तर सांगा, पुढच्या पोस्टमध्ये फक्त गंजावर लिहितो.