मधला फर्मा छापून झाला होता

२३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा आमच्या साप्ताहिकाचा मधला फर्मा, म्हणजे एका तावावर एकत्र छापायचा सोळा पानांचा संच, छापून झाला होता. त्यात पान ९ ते १२ वर अंकाचा मुख्य राजकीय लेख होता आणि त्याचा विषय होता तीन पक्षांचं होऊ घातलेलं सरकार. आदल्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीनंतर उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलं होतं. शनिवारची दैनिकं तोच मथळा घेऊन घरोघरी पडली होती. दैनिकाचं शिळेपण दुसऱ्या सकाळी संपतं. साप्ताहिक आठवडाभर स्टॉलवर लटकतं, आणि आमच्या त्या अंकावर तारीख होती ३० नोव्हेंबर.

त्या दिवशी काय करता येणार होतं आणि काय नाही, हे कळायला अंक कसा बांधला जातो ते माहीत असावं लागतं. ४८ पानांचा, मधोमध पिना मारलेला अंक म्हणजे सोळा-सोळा पानांचे तीन फर्मे. एक फर्मा २३ बाय ३६ इंची तावावर बसतो, आठ पानं एका बाजूला, आठ दुसऱ्या. फर्मे एकात एक घालतात, त्यामुळे पानांचे आकडे सलग येत नाहीत. सगळ्यात आतल्या फर्म्यात १७ ते ३२, मधल्यात ९ ते १६ आणि ३३ ते ४०, बाहेरच्यात १ ते ८ आणि ४१ ते ४८. संपादकीय खात्याचं सगळं वेळापत्रक या हिशेबावर चालतं. आतला फर्मा गुरुवारी छपाईला सुटतो. त्यात दीर्घ लेख, पुस्तक परीक्षणं, लेखमाला. मधला शुक्रवारी रात्री. बाहेरचा शनिवारी दुपारी, कारण त्यात पान १ वर अनुक्रमणिका, पान ३ वर अग्रलेख आणि मागच्या पानांत वाचकांची पत्रं असतात. मुखपृष्ठ वेगळ्या आर्ट पेपरवर चार रंगांत आणि सगळ्यांच्या आधी छापून होतं. म्हणूनच मुखपृष्ठावरच्या ओळीत क्रियापद घालायचं नाही, असा जुना दंडक आहे. ‘सत्तेची नवी मांडणी’ ही ओळ शनिवारीही खोटी पडली नाही, ती त्यामुळेच.

पहिला प्रश्न अर्थातच मधला फर्मा पुन्हा छापायचा का. छपाईच्या दोन प्लेटा (तावाच्या दोन बाजूंसाठी) नव्या करायच्या, जेवढ्या प्रती तेवढे ताव रद्दीत घालायचे, वर मशीन लागेपर्यंत वाया जाणारे ताव वेगळे. पैशापेक्षा मोठी अडचण वेळेची होती. त्याच मशीनवर दुपारी बाहेरचा फर्मा चढायचा होता. रविवारी घडी, पिना, कटाई आणि सोमवारी टपाल, यात एक पाळी जरी मागे सरकली तरी टपालाचा दिवस चुकतो. नोंदणीकृत नियतकालिकाला टपालाची सवलत मिळते ती ठरलेल्या दिवशी अंक टाकण्याच्या अटीवर. तो दिवस चुकला की सवलतीवरच गदा येते. सुटी चिठ्ठी छापून अंकात सरकवण्याची सूचनाही आली. पण ती स्टॉलवर पहिल्या हाताळणीत गळून पडते आणि वर्गणीदारापर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

तेव्हा छापलेला लेख जसाच्या तसा जाणार हे धरून तो पुन्हा वाचला. हे वाचन भाषेसाठी नसतं, काळासाठी असतं. ‘आज’, ‘काल’, ‘येत्या सोमवारी’, ‘नुकतेच’, ‘लवकरच’ हे शब्द आमच्याकडे दुसऱ्या प्रुफातच कापले जातात आणि त्यांच्या जागी तारीख येते. ‘येईल’, ‘होणार’ अशी क्रियापदं अवतरणात कोणाच्या तोंडी असतील तरच राहतात. या लेखात मुळात ‘नवे सरकार पुढील आठवड्यात सत्तेवर येईल’ असं वाक्य होतं. शुक्रवारी रात्री डेस्कने ते बदलून ‘एकमत झाल्याचे २२ नोव्हेंबरला सांगण्यात आले’ असं केलं होतं. पहिलं वाक्य राहिलं असतं तर अंक तोंडावर पडला असता. दुसरं अजूनही खरं होतं, कारण तसं सांगण्यात आलंच होतं.

एक जागा मात्र अडकली. पान १० वर फडणवीसांच्या नावाआधी ‘माजी मुख्यमंत्री’ असं पद लागलेलं होतं. ते ८ नोव्हेंबरला पायउतार झाले होते, म्हणजे छापताना पद बरोबर आणि सकाळी आठनंतर चूक. (मंगळवारी, २६ तारखेला दुपारी त्यांनी राजीनामा दिल्यावर ते पुन्हा बरोबर झालं, अंक तेव्हा कुठे जिल्ह्याच्या गावांत पोचत होता.) पदं हलत असतात तेव्हा नुसतं नाव छापावं, हे कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकवलं जातं आणि घाईत तेच पहिल्यांदा विसरलं जातं.

आता उरला बाहेरचा फर्मा. तयार असलेला अग्रलेख तीन पक्षांच्या किमान समान कार्यक्रमावर होता. तो बाजूला ठेवला. नव्याला जागा तेवढीच, एक पान, सुमारे आठशे शब्द. ही लांबी आम्ही कधीच बदलत नाही. बातमी मोठी म्हणून अग्रलेख फुगवला की त्यात हमखास भाकितं शिरतात. प्लेट दुपारी एकला सुटायची होती. शरद पवार आणि उद्धव ठाकरे यांची एकत्र पत्रकार परिषद दुपारी होणार हे कळल्यावर छापखान्याकडून तीनपर्यंत वेळ मागून घेतली.

लिहायचं कशावर? हे सरकार टिकेल की पडेल, यावर लिहिलेलं काहीही गुरुवारी वाचणाऱ्याच्या हातात कुजकं निघण्याची शक्यता होती. सरकार कसं आणलं, हा विषय मात्र निकाल काहीही लागला तरी जागेवर राहणारा होता. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली आणि उजाडल्यावर शपथविधी झाला, आधी कोणतीही जाहीर सूचना नाही. बहुमताची खातरजमा राज्यपालांनी कशी केली, हा प्रश्न विचारायला सभागृहातल्या मतदानाची वाट पाहावी लागत नव्हती. अग्रलेख तेवढ्यावरच उभा केला.

आकड्यांचा नियम त्या दिवशी फार कामाला आला. पाठिंब्याचे दावे छापण्याआधी त्यांची बेरीज करून बघायची. भाजप १०५ आणि राष्ट्रवादी ५४ म्हणजे १५९. शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ म्हणजे १५४. दोन्ही मिळून ३१३, आणि विधानसभा २८८ची. अपक्ष धरायच्या आधीच ही गत, कारण ५४ दोन्हीकडे मोजलेले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर याहून मोठे आकडे फिरत होते. आम्ही एकही दावा छापला नाही. २४ ऑक्टोबरच्या निकालाचे पक्षनिहाय आकडे आणि बहुमताचा १४५ हा आकडा दिला, बाकी गणित वाचकाला येतं.

अग्रलेखाखाली आमच्याकडे नाव नसतं. त्यामुळे तो एकाने लिहायचा आणि त्याच्याशी न पटणाऱ्या दुसऱ्याने वाचायचा, ही पद्धत. बिननावाचा मजकूर बेजबाबदार असतो असं मानणाऱ्यांनी ‘केसरी’चे खटले आठवावेत. १८९७ मध्ये ‘शिवाजीचे उद्गार’ या कवितेखाली टिळकांचं नाव नव्हतं, तरी अठरा महिन्यांची शिक्षा त्यांनाच झाली. शेवटच्या पानावर बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची ओळ असते, ती तेव्हा छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या १८६७च्या कायद्यामुळे होती (तो कायदा २०२४ मध्ये रद्द झाला), आणि न्यायालय तीच ओळ बघतं. म्हणून पानाच्या प्रुफावर संपादकाची सही झाली की पान सुटलं. त्यानंतर स्वल्पविरामही हलवायचा नाही.

सहीआधीचा शेवटचा अर्धा तास सगळ्यात धोक्याचा. फोनवरून आलेला मजकूर युनिकोडमध्ये, पानाची फाइल जुन्या फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरमधून जाताना ‘दुसऱ्या’ची ‘दुसर्या’ होते आणि ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो. पडद्यावर हे डोळ्यांतून निसटतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून बघायचं, नावं आणि आकडे दोनदा. राज्यपालांचं नाव एका परिच्छेदात ‘कोश्यारी’ आणि दुसऱ्यात ‘कोशियारी’ पडलं होतं, ते असंच सापडलं.

राहिली ती छापून झालेल्या लेखाविषयी वाचकाला सावध करणारी टीप. ती अग्रलेखाखाली न टाकता पान १ वर, अनुक्रमणिकेत त्या लेखाच्या नावाला लागून घेतली. वाचक तिथूनच आत शिरतो. ‘पान ९ वरील लेख २२ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंतच्या घडामोडींवर आधारित आहे. २३ नोव्हेंबरच्या शपथविधीविषयी पान ३ पाहावे.’ बस्स. ‘क्षमस्व’ घालावं का, यावर थोडी हुज्जत झाली. तो शब्द आम्ही छापताना चूक असलेल्या मजकुरासाठी राखून ठेवतो. छापल्यानंतर जग बदललं तर माफी मागायची नसते, तारीख सांगायची असते.

सर्वोच्च न्यायालयाने मंगळवारी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्यायला सांगितलं, त्याच दुपारी फडणवीस आणि अजित पवार या दोघांचे राजीनामे आले आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी झाला. अग्रलेखातलं एकही वाक्य त्याने खोटं पडलं नाही. पान ९चा लेख तर काही वाचकांनी ताजा समजूनच वाचला, असं पत्रांवरून दिसलं.

पुढच्या बैठकीत मुख्य राजकीय लेख यापुढे बाहेरच्या फर्म्यात, पान ५ पासून लावावा अशी सूचना आली. ती फेटाळली गेली. चार पानी लेख आणि अग्रलेख एकाच दुपारी वाचायचे म्हटलं तर मुद्रितशोधनाचा बोजवारा उडतो, शिवाय त्या पानांवरच्या जाहिरातींच्या जागा करारात ठरलेल्या असतात. त्याऐवजी पान ४ वर अर्धं पान शनिवारसाठी मोकळं राखायचं ठरलं. काही घडलं नाही तर तिथे दोन पत्रं जादा जातात.