डिप्लॉय हिरवा, रिपोर्ट गायब

तक्रार तशी किरकोळ होती: "अधूनमधून रिपोर्ट येतच नाही." ग्राहक बटण दाबतो, विनंती क्यूमध्ये (कामांच्या रांगेत) जाते, मागे चालणारा वर्कर ती उचलून पीडीएफ बनवतो आणि मेल करतो. लॉगमध्ये एकही एरर नाही. सपोर्टने ठरलेलं उत्तर देऊन हात झटकले होते: स्पॅम फोल्डर बघा.

गायब रिपोर्टच्या वेळा एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं, की बहुतेक सगळ्या आमच्या डिप्लॉयला, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याला, चिकटून आहेत. डिप्लॉय मात्र दर वेळी हिरवा, म्हणजे यशस्वी. मॅनेज्ड प्लॅटफॉर्मवर आपण कोड पुश करतो. इमेज बांधणं (कोड आणि त्याला लागणारं सगळं एका गठ्ठ्यात भरणं), त्यातून नवा कंटेनर, म्हणजे ॲप चालवणारा वेगळा डबा, उभा करणं, तो नीट चालतोय ही तपासणी (हेल्थ चेक) पास झाली की जुना बंद करणं, हे सगळं तोच बघतो. ती हिरवी खूण फक्त नव्या कंटेनरबद्दल असते. जुना कसा गेला हे कुणी विचारत नाही. ते डॅशबोर्डच्या आतल्या पानावर एका करड्या ओळीत सापडलं: एक्झिट कोड १३७. चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, बंद होताना मागे ठेवते तो आकडा.

१३७ म्हटलं की सगळे एका सुरात सांगतात, मेमरी कमी पडली. आमच्याकडेही प्लॅन वाढवला गेला, बिल वाढलं, रिपोर्ट गायबच. सल्ला देणाऱ्याला बिल भरावं लागत नाही ना! सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा कोड म्हणजे १२८ अधिक त्या सिग्नलचा क्रमांक. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सिगकिल या सिग्नलचा क्रमांक. प्रोसेसला जबरदस्तीने मारलं, एवढंच त्यातून कळतं. मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मारतो. सांगूनही वेळेत बंद झाली नाही, तर प्लॅटफॉर्मही मारतो. आमचा मेमरीचा आलेख सपाट होता.

प्लॅटफॉर्म आधी सिगटर्म पाठवतो, म्हणजे आवरतं घ्या. आमच्याकडे त्यानंतर ३० सेकंदांची मुदत, मग सिगकिल, जो कुठल्याही प्रोसेसला अडवता येत नाही. सिग्नल आल्यावर काय करायचं हे सांगणारा कोड म्हणजे हँडलर. बॅकएंडवाला सहकारी ठामपणे म्हणत होता, "हँडलर मी लिहिलाय, लॅपटॉपवर चालतो." तो खरंच चालत होता! पण लॅपटॉपवर त्याची चाचणी म्हणजे कंट्रोल-सी. त्याने सिगटर्म नाही, सिगइंट जातो (हँडलर दोन्हींना लावलेला होता), आणि तो टर्मिनलच्या समोर चालणाऱ्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला मिळतो, पालक प्रोसेसला आणि तिने सुरू केलेल्या पोरालाही. कंटेनरमध्ये सिगटर्म येतो तो फक्त पीआयडी १ला, म्हणजे त्यातल्या पहिल्या प्रोसेसला. आमच्याकडे पीआयडी १ होता शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), कारण कुठल्यातरी जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली स्टार्ट स्क्रिप्ट शेवटच्या ओळीत नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) वर्कर सुरू करत होती. ज्या सिग्नलसाठी पीआयडी १ने हँडलर लावलेला नाही, तो लिनक्स कर्नल सोडून देतो. शेलने लावला नव्हता. म्हणजे सिगटर्म दारातच विरला आणि आतल्या नोडला पत्ताच नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या ३० सेकंदांत वर्कर खुशाल नवी कामं उचलत राहिला.

उपाय एका शब्दाचा. शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला 'एक्झेक'. मग शेल मागे उरत नाही, त्याच पीआयडीवर नोड बसतो. अर्थात ही दुरुस्ती नेणाऱ्या डिप्लॉयमध्ये मरणारा कंटेनर जुनाच, म्हणून त्या वेळी आधी क्यूतून कामं देणं थांबवून वर्कर रिकामा होऊ दिला. त्यापुढच्या डिप्लॉयला लॉगमध्ये "हातातलं काम संपवून बंद होतोय" ही ओळ उमटली, एक्झिट कोड ०, म्हणजे नीट बंद झाला. हँडलर लिहिणाऱ्याने स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, आणि तो त्याचा हक्कच होता.

प्लॅन मात्र अजून वाढवलेलाच आहे. तो कमी करायची मंजुरी मागायला कुणी पुढे येत नाही.

आणि एक गाठ सुटलेली नाही. वर्षभराच्या रिपोर्टला कित्येक मिनिटं लागतात, ३० सेकंदांत तो संपणार कसा? आमची क्यू काम उचलताच यादीतून काढून टाकायची. आता ते पूर्ण झाल्यावरच काढायचं असं बदललंय, त्यामुळे अर्धवट राहिलेलं काम पुन्हा उचललं जातं. पण मेल गेल्यावर आणि नोंद पुसण्याआधी वर्कर मेला, तर तोच रिपोर्ट दोनदा जातो. सपोर्टवाले म्हणतात, दोनदा आलेल्यावर ग्राहक जास्त चिडतात. मला ते पटत नाही. न आलेल्याची तक्रार करायला, तो यायला हवा होता हे आधी ग्राहकाच्या लक्षात यावं लागतं. प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक देऊन, त्या क्रमांकाचा रिपोर्ट आधीच गेलाय का हे पाठवण्याआधी तपासायचं, हे माझं तिकीट बॅकलॉगमध्ये पडून आहे.