न्यू ऑर्लिन्स: जॅझ ऐकायचाय तर बर्बन स्ट्रीट सोडा

हॉटेलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला जॅझ ना, सरळ बर्बन स्ट्रीटला जा, आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे गेलो. तिथे जॅझ शोधावा लागतो हो! एका दारातून रॉकची कव्हर्स, दुसऱ्यातून कराओके, मधे सांडलेल्या बिअरचा वास. शेवटी एका बारबाहेर ट्रम्पेट ऐकू आला, एंट्री फ्री अशी पाटी, बसलो. फ्री म्हणजे दर सेटला माणशी एक ड्रिंक घ्यायचंच, हे बसल्यावर कळलं. बँडने ब्रेक घेतला, परत वाजवायला लागले की वेट्रेस हजर, नवा सेट नवं ड्रिंक. बिलात ग्रॅच्युइटी, म्हणजे टिपच, आधीच धरलेली होती आणि खाली टिपची रिकामी ओळ, मी अंधारात तीपण भरली. दोनदा टिप! बिल नीट वाचा, मोबाईलचा टॉर्च लावून वाचा, लाज वाटू देऊ नका.

दुसऱ्या रात्री एस्प्लनेड ॲव्हेन्यू ओलांडून फ्रेंचमेन स्ट्रीटला गेलो. हाच तो जॅझ. तिथल्या स्पॉटेड कॅट नावाच्या क्लबमध्येही ड्रिंकचा नियम आहेच पण दारातच सांगतात, आणि बँड तुमच्यापासून हातभर अंतरावर. एक जण बोटांत धातूची टोपणं घालून वॉशबोर्ड वाजवत होता, म्हणजे कपडे घासायची पत्र्याची फळी, आणि काय लय होती! बादली फिरते त्यात सुटे डॉलर टाका, वादकांची कमाई बरीचशी त्यावरच असते. बसून शांतपणे ऐकायचं असेल तर स्नग हार्बर हा क्लब, तिकीट काढून. पासपोर्ट जवळ ठेवा, बारमध्ये 21 च्या आतल्यांना बहुतेक सोडत नाहीत.

प्रिझर्व्हेशन हॉल हा जॅझचा हॉल (1961 पासूनचा) चुकवू नका, पण उभं राहायचं तिकीट अजिबात घेऊ नका. दिवसभर चालून पाय आधीच गेलेले, समोर सहा फुटी गोरा, पाऊण तासात मला ट्रॉम्बोनची पुढेमागे होणारी नळी तेवढी दिसली. पुढची माणसं मात्र आपल्या बैठकीसारखी जमिनीवर उशा टाकून मजेत. आत ड्रिंक मिळत नाही, बाथरूम नाही, फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळं उरकूनच जा. वाजवतात मात्र असं की पाय दुखतायत हे विसरायला होतं.

काँगो स्क्वेअर दिवसाउजेडी पाहिला, गुलाम लोक रविवारी जिथे जमून ढोल वाजवायचे ती जागा. बाकी दिवस छान गेले.

आणि हो, बर्बन स्ट्रीटवर कोणी म्हणालं की तुझे बूट कुठे 'गॉट' केलेस ते मी ओळखतो, लाव पैज, तर थांबू नका. मी थांबलो. म्हटलं लक्ष्मी रोडवर घेतलेले बूट याच्या बापाला ओळखता येणार नाहीत. तो म्हणाला, यू गॉट देम ऑन युअर फीट, ऑन बर्बन स्ट्रीट! 'गॉट' म्हणजे कुठून घेतलेस नाही, कुठे घातलेस! मी हसेपर्यंत बुटावर पॉलिशचा फेस पडलासुद्धा. वीस डॉलर. चप्पल घालून जा.