क्रॅपी, गढूळ पाणी आणि माझे वाया गेलेले चार शनिवार

'हिवाळ्यात क्रॅपी खोल जातो' हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर मी त्याच्याकडे माझे चार शनिवार परत मागणार आहे. (क्रॅपी म्हणजे इथला, अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला मासा.)

मी मूळचा गुहागरचा, गरवणं, म्हणजे गळाने मासे धरणं, अंगातच. डॅलसच्या ईशान्येला लॅव्हन तलाव आहे, तिथे जातो. टेक्ससचं लायसन्स फोनवरच निघालं, रॉड सेलमध्ये मिळाला. तिथवर काही अडलं नाही.

अडलं ते जानेवारीत, धक्क्यावर. दुकानदार म्हणाला खोल, व्हिडिओतला बाबा म्हणाला खोल, म्हणून मी जिग, म्हणजे वजन लावलेली नकली आमिषाची गरी, पार तळाला सोडून कुडकुडत उभा. इथली जमीन आपल्या विदर्भासारखी काळी, चिकण. पाणी दूध घातलेल्या चहासारखं. पांढरं जिग वीतभर खाली गेलं की दिसेनासं. आणि मी उभा होतो तिथे सगळी मिळून खोली आठ फूट! मासा खोल जाणार तरी कुठे? हे डोक्यात यायला चौथा शनिवार उजाडला. तोवर घरी दर वेळी, "आज कोळंबीच काढू ना फ्रीझरमधली?"

त्या दिवशी दोरा गुंतला. सोडवत होतो तेवढा वेळ जिग धक्क्याच्या खांबाला चिकटून जेमतेम तीन फुटांवर लटकलेलं. बॉबर, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगा, बुडाला नाही, उभा होता तो आडवा झाला. दोरा सैल पडला असेल म्हणून उचलला, तर बारा इंची क्रॅपी!

हा मासा वर बघतो. आमिष खालून येऊन घेतो आणि तसाच वर सरकतो. जिगचं वजन त्यानेच उचललं की बॉबर आडवा पडतो. म्हणजे इतके दिवस मी त्यांच्या पोटाखाली गरी नाचवत होतो, आणि आधी दोनतीनदा बॉबर आडवा झाला तेव्हा लाटांना शिव्या घातल्या होत्या.

मग तीन फूट पक्कं केलं. खांबापासून हातभर लांब टाकलं, काही नाही. खांबाला घासून सोडलं की मासा. गढूळ पाण्यात, त्यात थंडीत, तो आमिषामागे धावत नाही, त्याच्या तोंडाशीच न्यावं लागतं. आणि हलवू नका. दुसरा मासा मी हिसका देऊन घालवला. याचं तोंड कागदासारखं पातळ, फाटतं. नुसता रॉड उचलायचा.

हो, पट्टी न्या. दहा इंचांखालचा सोडावा लागतो, माझा एक केसभराने गेला. दोनतीन दिवस सलग ऊन पडलं असेल तर दुपारी उत्तरेच्या काठावरचे दगडही बघा. वारा लागत नाही, पाणी तापतं.

सहा घरी आणले, रवा लावून तळले.

परवा दुकानात तोच माणूस एका नव्या गिऱ्हाइकाला खोल टाकायला सांगत होता. मी गप्प राहिलो. त्या खांबाशी एकालाच उभं राहता येतं.