नंबर आत असतो

गेल्या महिन्यात एका रविवारी अ‍ॅडम्सटाउनच्या जुन्या बाजारात गेले होते. एका टेबलावर स्टीलचा ट्रे होता आणि त्यात पंधरा-वीस पॉकेट वॉच उघडीवाघडी पडलेली. केस, म्हणजे बाहेरचं धातूचं कवच, नाही, काच नाही, काहींना काटेपण नाहीत, नुसती मशीनं आणि वर पांढरी डायल. टेबलवाल्याने त्यातलं एक उचलून जरासं हलवलं तर ते टिकटिकायला लागलं. अंगावरचे कपडे काढून घेतलेल्या माणसाचा श्वास चालू असावा तसं वाटलं मला ते, खरंच सांगते, मी दहा मिनिटं तिथून हललेच नाही. केसचं काय झालं विचारलं तर म्हणाला, सोन्याच्या होत्या, सध्याचा भाव बघताय ना, वितळवल्या.

एवढं साधं बोलला तो. आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या भुसावळच्या घरातला बोर्नव्हिटाचा डबा आला. त्याचं पुढे सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गेली तीन वर्षं मी इथली जुनी रेल्वेची घड्याळं जमवते. आत्तापर्यंत सहा झालीत. आम्ही राहतो लँकेस्टरला, पेनसिल्व्हेनियात, आणि घड्याळांची हॅमिल्टन कंपनी इथलीच, 1892 ची. कोलंबिया अ‍ॅव्हेन्यूवर कारखान्याची विटांची इमारत अजून उभी आहे, टॉवरसकट, आत आता फ्लॅट झालेत. ऑफिसला जाता-येता मी ती बघते. कंपनीने 1969 ला इथलं काम बंद केलं, आता ते नाव स्विस लोकांकडे आहे.

पहिलं घड्याळ घेतलं तेव्हा मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मागच्या झाकणावर धूर सोडणारं इंजिन कोरलेलं होतं, विकणाऱ्याने सांगितलं रेल्वेचं आहे, मी 180 डॉलर दिले. मग इथल्या जमवणाऱ्यांच्या एका बैठकीला घेऊन गेले. तिथे ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ होते, सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी झाकण फिरवून उघडलं, भिंगातून एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, सात ज्वेलचं आहे हे, रेल्वेने याला दारात उभं केलं नसतं. (ज्वेल म्हणजे आतल्या चाकांचे आस ज्यात फिरतात ते बारीक खडे.) मग म्हणाले, जो दिवसभर इंजिनातच उभा असतो त्याला खिशात इंजिनाचं चित्र कशाला हवंय? इंजिनाची चित्रं इतरांना विकायला कोरायचे. आणि मग ते दोन तास बसले हो माझ्याबरोबर. ना ओळख ना पाळख, मी कोण कुठली, पण स्वतःच्या खिशातलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, उघड म्हणाले, घाबरू नको, नंबर आत असतो.

तेच मला इथलं सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य.

म्हणजे काय, तर केसवर जो नंबर असतो तो केस बनवणाऱ्याचा, त्याचा घड्याळाशी काही संबंध नाही. त्या काळी दुकानात जाऊन मशीन वेगळं निवडायचं आणि केस वेगळी निवडायची, सोनार तिथेच बसवून द्यायचा. त्यामुळे खरा नंबर मशीनच्या प्लेटवर. तो घेऊन कंपनीच्या यादीत बघितलं की कितवा ग्रेड, किती ज्वेल, साधारण कोणत्या वर्षीचं हे सगळं कळतं. साधारण म्हणते कारण नंबर गठ्ठ्याने आधीच ठरवून ठेवायचे, तेव्हा वर्ष थोडं इकडेतिकडे होतं. एल्जिन कंपनीचं पहिलं घड्याळ 1867 चं, नंबर 101, त्याला नाव दिलं बी. डब्ल्यू. रेमंड, हे रेमंड कंपनीचे प्रेसिडेंट आणि त्याआधी शिकागोचे महापौर होते. शंभरच्या आतबाहेरच्या या नंबरापासून पुढे कोटींच्या आकड्यांपर्यंत नोंद आहे. कुणाच्या तरी पणजोबांच्या खिशात गेलेल्या एकेका वस्तूची नोंद. मला याचं इतकं कौतुक वाटतं की मी घरी कुणी आलं की हेच सांगत बसते.

बरं, रेल्वेचं घड्याळ म्हणजे नेमकं कुठलं? 1891 च्या एप्रिलमध्ये ओहायोत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर आदळल्या, एक टपालाची आणि एक पॅसेंजर. सांगतात असं की पॅसेंजरच्या ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. मेलेल्यांमध्ये टपालगाडीत पत्रं लावणारे लोक जास्त होते. मग रेल्वेने क्लीव्हलँडच्या वेब बॉल नावाच्या सराफाला घड्याळं तपासायला नेमलं आणि हळूहळू कडक नियम झाले. डायल उघडी पाहिजे, म्हणजे वरून झाकण नको. आकडे ठळक, चावी बाराच्या आकड्यापाशी, कमीत कमी 17 ज्वेल, आणि आठवड्यात 30 सेकंदांच्या वर फरक नको. शिवाय पाच पोझिशनला लावलेलं पाहिजे, म्हणजे डायल वर, डायल खाली, उभं, डावीकडे कललेलं, उजवीकडे कललेलं, कारण घड्याळ खिशात उभं असतं, टेबलावर आडवं असतं आणि धावत्या इंजिनात कसंही असतं, आणि वजन जिकडे कलेल तशी बॅलन्सची, म्हणजे आतल्या मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, चाल बदलते. हे सगळं हाताने जुळवायचे. माणसं बसून, दिवसेंदिवस, एकेक स्क्रू फिरवून.

आणि लिव्हर! आपल्याकडे चावी ओढली की काटे फिरतात. यांच्या रेल्वेवाल्या घड्याळात तसं चालत नसे. पुढची काच फिरवून काढायची, डायलच्या कडेला एकच्या जवळ एक बारीक पत्री असते ती नखाने बाहेर ओढायची, तेव्हा कुठे चावीने काटे फिरणार. का, तर चावी देताना चुकून चावी ओढली जाऊन वेळ बदलायला नको. एका बोटाच्या चुकीने गाडीतली सगळी माणसं जाऊ शकतात याचा विचार करून केलेली ती एवढीशी पत्री आहे. मी पहिल्यांदा ती ओढली तेव्हा हात थरथरत होता.

तरी एक गोष्ट मला खटकली ती खटकलीच. नियम रेल्वेचे, तपासणी रेल्वेची, दर थोड्या दिवसांनी इन्स्पेक्टरला दाखवून कार्डावर फरक लिहून घ्यायचा, आणि घड्याळ मात्र कामगाराने स्वतःच्या पैशाने घ्यायचं! हप्त्याने घ्यायचे लोक. आमचे आजोबा भुसावळला गार्ड होते, त्यांचं ड्यूटीचं घड्याळ रेल्वेचं होतं, रिटायर झाले त्या दिवशी सही करून जमा केलं. आपली रेल्वे 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला निघाली तेव्हापासून आपल्याकडेही वेळेवर कमी डोकं लावलेलं नाही लोकांनी. इथे 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी सरकारला न विचारता देशभराची वेळ बदलली, काही गावांत त्या दिवशी दोनदा बारा वाजले, कायदा आला तो 1918 ला. आणि आपल्याकडे 1906 ला सगळ्या देशाची एक वेळ ठरली तरी मुंबईने आपली 39 मिनिटं मागची वेळ कितीतरी वर्षं सोडली नाही. मला तर अभिमान वाटतो त्याचा. हे मी त्या गृहस्थांना सांगितलं तर ते इतके खूश झाले, वहीत लिहून घेतलं त्यांनी.

पण मग विचार करत बसले की झालं काय, आजोबांचं ते ड्यूटीचं घड्याळ रेल्वेकडे परत गेलं आणि संपलं, कुठे आहे कुणाला माहीत नाही. इथल्या ड्रायव्हरने पदरचे पैसे घातले म्हणून ते त्याचं राहिलं, मुलाला मिळालं, नातवाला मिळालं, आणि नातवाने विकलं तरी ते बाजारात माझ्यापर्यंत आलं. मला अजून ठरवता येत नाहीये यातलं बरोबर काय.

आता डबा. आजोबांचं घरचं म्हणून एक वेस्ट एंड कंपनीचं पॉकेट वॉच होतं, चांदीच्या केसचं. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा आजीने ती केस सोनाराकडे दिली, त्यात आणखी थोडी चांदी घालून आत्याचे पैंजण झाले. मशीन राहिलं ते डब्यात टाकलं, आणि मी सहा-सात वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मशीन पाटावर ठेवून पिनेने उचकटलं, त्यातली पितळी चाकं काढली आणि फिरवत बसले. कुणी रागावलं नाही. आजोबा बघत होते, तेही काही बोलले नाहीत. कमान उसळून कुठेतरी उडाली ती सापडलीच नाही.

म्हणून त्या ट्रेवाल्याला मी काय बोलणार होते? मनात आलं होतं बरंच, की अरे वजनावर विकायची वस्तू आहे का ही, शंभर वर्षं चाललेली. पण आमच्याही घरात तेच झालं. फक्त एवढंच म्हणेन की आजीने ते भाव वाढला म्हणून नाही केलं. घरात मुलीचं लग्न होतं, गार्डाचा पगार होता, आणि ते पैंजण आत्याच्या पायात अजून आहेत. भट्टीत गेलेलं सोनं आणि आत्याच्या पायातली चांदी एक नाही माझ्या मते. कुणाला हे पटणार नाही, नवऱ्यालाही पटलं नाही, पण मला फरक वाटतो तो वाटतो. आणि चाकं मी काढली त्याला तर लग्नाचंही कारण नव्हतं.

ट्रेमधलं एक मशीन मी घेतलं. हॅमिल्टन 992, इथल्याच कारखान्यातलं, प्लेटवर लँकेस्टर कोरलेलं, 21 ज्वेल, पाच पोझिशन. प्लेटवर लाटांसारखी नक्षी आहे, प्रकाशात फिरवलं की ती हलल्यासारखी दिसते. नंबरवरून 1920 च्या दशकातलं निघालं. 140 डॉलर. पुण्याची बहीण म्हणाली एवढ्यात इथे चांगलं नवीन घड्याळ येतं, वर गॅरंटी. येतं ना. पण ते उघडून बघायला कोण शिकवतं, आणि मी इथे दारू-सिगारेटवर खर्च करत नाही, फिरायलाही फारशी जात नाही, हे एक करते.

मशीनच्या कडेला भिंगातून बघितलं तर केसच्या स्क्रूच्या खुणा एकाच जागी होत्या. म्हणजे आयुष्यभर ते एकाच केसमध्ये राहिलं होतं. केस बदलली की खुणा दोन जागी पडतात, ओळखायची तीच पद्धत आहे. आता मी दुसरी केस बसवली तर दुसऱ्या खुणा पडणार, म्हणून आठवडाभर मी ते तसंच काचेच्या डबीत ठेवलं होतं. शेवटी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, घड्याळ डबीत ठेवण्यासाठी केलेलं नाही, चालव. केस त्याच काळातली शोध, लिव्हरसाठी खाच असलेली, नाहीतर लोक कानस घेऊन केस कापतात ते करू नको. आणि आत खरं लिहून ठेव, म्हणजे माझ्यानंतर तुझ्यानंतर ज्याच्या हातात जाईल तो फसणार नाही. पूर्वी दुरुस्त करणारे झाकणाच्या आत गोल कागद ठेवायचे म्हणाले, नाहीतर सुईने बारीक खूण ओरखडायचे. माझ्या दुसऱ्या एका घड्याळाच्या झाकणात अशा चार खुणा आहेत, चार वेगवेगळे हात.

केस मिळाली, साधी निकेलची, मागे काहीही कोरलेलं नाही. घड्याळ दिवसाला दहाएक सेकंद पुढे जातंय, साफ करून घ्यायला लागेल, कारागीर तीन महिन्यांनी घेणार आहे.

परवा आईला फोन केला आणि डब्याबद्दल विचारलं. म्हटलं आई, त्यातलं काहीतरी असेल का गं, एखादी प्लेट, नंबर असलेली. आई म्हणाली घर बदललं तेव्हा दोन पोती सामान भंगारवाल्याला दिलं, त्यात गेला असेल, पण तू म्हणतेस तर माळ्यावर बघते. काल रात्री तिने फोटो पाठवला. प्लेट नाही, चाकं नाहीत. फक्त डायल, कडेला टवका उडालेली, आणि त्यावर वेस्ट एंडचं नाव. मी तिला म्हटलं ती फेकू नकोस, मी डिसेंबरमध्ये येते तेव्हा घेऊन जाईन. ती म्हणाली, अगं ती आता कशात बसवणार तू? मी म्हटलं कशातच नाही.

मग रात्री नाण्याएवढा गोल कागद कापला आणि बारीक पेनने लिहिलं, मराठीतच लिहिलं कारण इंग्रजीत हात वळेना: मशीन लँकेस्टरचं, मूळ केस सोन्याची होती ती वितळवली, ही केस नंतरची. खाली तारीख टाकली. झाकण फिरवून बंद केलं, काच काढली, पत्री ओढली आणि इथली वेळ लावली.