४४ चे पत्ते, कॉलसाईनची नावं

आपल्या हॅम मंडळींमधे, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं रेडिओ चालवणाऱ्यांमधे, अँटेना, कोॲक्स केबल, कुठला रिग म्हणजे रेडिओ सेट घ्यावा यावर रात्र रात्र गप्पा चालतात पण आयपी ॲड्रेसचा, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनच्या नंबराचा, विषय काढला की निम्मे लोक म्हणतात ते आयटीवाल्यांचं काम, आपलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. इंटरनेटच्या पत्त्यांमधला एक भलामोठा तुकडा १९८१ पासून हॅम रेडिओसाठी राखून ठेवलेला आहे, त्यातले पत्ते लायसन्स असलेल्या माणसाला फुकट मिळतात, आणि आपल्याकडे अनेकांनी परीक्षा दिली, व्हीयू२ नाहीतर व्हीयू३ नं सुरू होणारं कॉलसाईन, म्हणजे हवेतलं आपलं ओळखनाव, घेतलं, तरी ४४ बद्दल त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

४४ म्हणजे काय, तर ज्या आयपी पत्त्याचा पहिला आकडा ४४ आहे ते सगळे पत्ते. ४४.०.०.० पासून ४४.२५५.२५५.२५५ पर्यंत, सुरुवातीला एकूण १,६७,७७,२१६. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला हँक मॅग्नुस्की नावाच्या हॅमनं १९८० च्या शेवटी पॅकेट रेडिओचा, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे हवेतून पाठवणाऱ्या रेडिओचा, डिजिपीटर (आलेलं पॅकेट पुढे पाठवणारं स्टेशन) चालू केला होता, त्याला पुढे वाटलं की हे सगळं इंटरनेटच्या पद्धतीनं जोडता आलं पाहिजे, आणि त्या काळात नंबरांचा हिशोब ठेवायचे जॉन पोस्टेल, त्यांच्याकडे त्यानं मागणी केली. मिळालं. सप्टेंबर १९८१ ची आरएफसी ७९०, म्हणजे इंटरनेटच्या नंबरांची त्या वेळची अधिकृत यादी, काढून बघा, ४४ च्या ओळीत हॅम रेडिओच्या प्रयोगाचं नेटवर्क म्हणून नोंद आहे. तेव्हा पत्त्यांना बाजारभाव वगैरे काही नव्हता, मागणारे कमी आणि नंबर भरपूर, त्यामुळे एवढा मोठा तुकडा सहज देऊन टाकला गेला. पुढे फिल कार्न यांनी पीसीवर चालणारं टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटच्या भाषेचं, सॉफ्टवेअर लिहिलं आणि लोक १२०० बॉडच्या मोडेमवर खरंखुरं इंटरनेटचं पॅकेट हवेतून पाठवायला लागले. १२०० बॉड म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १५० बाईट, शंभर केबीचा एक फोटो पाठवायचा तर सगळं सुरळीत चाललं तरी अकरा मिनिटं. पण चाललं ना! घरी इंटरनेट येण्याच्या किती आधी हे लोक रेडिओवरून मेल पाठवत होते.

आता पत्ते मिळाले पण वाटायचे कसे आणि हिशोब कोण ठेवणार? मला ह्या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. तुकडे पाडले गेले, देशाला एकेक, जर्मनीला ४४.१३०, ब्रिटनला ४४.१३१, नेदरलँड्सला ४४.१३७, फ्रान्सला ४४.१५१ असे, आणि प्रत्येक ठिकाणी एक कोऑर्डिनेटर, तोही हॅमच, पगार नाही काही नाही, कुणी पत्ता मागितला की लायसन्स बघायचं, कशासाठी हवाय विचारायचं आणि नंबर द्यायचा. गावातली सातबाऱ्याची वही सांभाळावी तसं हे काम, कुठला नंबर कुणाच्या नावावर, तो माणूस अजून वापरतोय का, सोडून दिला असेल तर परत खात्यात घ्यायचा. ह्या सगळ्याच्या मध्यभागी वर्षानुवर्षं ब्रायन कँटर होते, सॅन डिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठात. २०११ मधे त्यांनी अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स, म्हणजे एआरडीसी, ही ना-नफा संस्था रजिस्टर केली आणि ४४ चा कारभार तिच्याकडे आला. नोव्हेंबर २०१९ मधे ते गेले. रोज वापरतो त्या गोष्टीमागे असा एक माणूस कित्येक वर्षं बसलेला असतो आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं, हे मला खरंच खटकतं, म्हणून मुद्दाम नाव लिहिलं.

आता डोमेनचं, म्हणजे नंबराऐवजी वापरायच्या नावाचं. ४४ च्या जोडीला एएमपीआर डॉट ओआरजी हे डोमेन आहे. त्यात तुम्हाला जे नाव मिळतं ते तुमच्या कॉलसाईनवरून. समजा कॉलसाईन एनझिरोकॉल, हे उदाहरणासाठी सगळीकडे वापरतात तेच घेतलंय, तर तुमचं नाव एनझिरोकॉल डॉट एएमपीआर डॉट ओआरजी, आणि त्याच्या खाली मग मेल डॉट, वेब डॉट, जे पाहिजे ते. डोमेनच्या जगात केवढी मारामारी असते, चांगलं नाव कुणीतरी आधीच घेऊन बसलेलं असतं, विकत मागायला गेलं की लाखात बोलतात. इथे तो प्रश्नच येत नाही, कारण कॉलसाईन सरकारनं दिलेलं, जगात एकाचंच, परीक्षा देऊन मिळवलेलं. नाव खरं की खोटं हे तपासायची सोय लायसन्समधेच झालेली आहे. माझ्या मते ४४ चं नेटवर्क इतकी वर्षं टिकलं त्याचं मुख्य कारण हेच, की प्रत्येक पत्त्याच्या मागे एक खरा, नाव असलेला माणूस आहे.

आणि हे नुसतं शोभेचं नाही बरं का. सॅन डिएगोला ४४ आणि बाहेरचं इंटरनेट जोडणारा जो मुख्य गेटवे आहे त्याचा पूर्वीपासूनचा नियम असा की बाहेरच्या इंटरनेटवरून एखाद्या ४४ च्या पत्त्याकडे पॅकेट आलं तर आधी बघायचं की त्या पत्त्याची डीएनएसमधे, म्हणजे नाव आणि नंबर यांच्या यादीत, एएमपीआर डॉट ओआरजीखाली नोंद आहे का. नसेल तर पॅकेट तिथेच टाकून द्यायचं. म्हणजे पत्ता तुमच्या नावावर आहे, राउटर नीट आहे, गेटवेपर्यंतचा बोगदा (तो पुढे समजावतो) चालू आहे, पण नावाची नोंद केली नाही तर बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. नवीन लोक इथे अडकतात, फायरवॉल उघडून बघतात, केबल बदलतात, आणि कारण असतं डीएनएसची एक ओळ.

जाता जाता एक गोष्ट. इतके पत्ते आणि वापरणारे तुलनेनं कमी, त्यामुळे ४४ चा बराच भाग रिकामा, आणि रिकाम्या पत्त्यावर जे पॅकेट येतं ते कुणीतरी जगभर आंधळेपणानं स्कॅन करत असतं किंवा कुठल्यातरी हल्ल्याचे शिंतोडे असतात. सॅन डिएगोच्या संशोधकांनी ह्याच रिकाम्या जागेचा दुर्बिणीसारखा उपयोग केला, २००१ मधे कोड रेड वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा व्हायरससारखा प्रोग्रॅम, पसरला त्याचा अभ्यास अशाच डेटावरून झाला. हॅमच्या न वापरलेल्या पत्त्यांनी इंटरनेटच्या सुरक्षेच्या अभ्यासाला हातभार लावला हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष कसं जोडायचं. जुनी पद्धत आयपीआयपी बोगद्याची, एका आयपी पॅकेटच्या पोटात दुसरं आयपी पॅकेट. प्रत्येक गेटवेचा साधा इंटरनेट पत्ता एआरडीसीच्या पोर्टलवर नोंदवलेला असतो, आणि सॅन डिएगोचा गेटवे ठराविक वेळानं, साधारण पाच मिनिटांनी, सगळ्यांना यादी पाठवतो की हा ४४ चा तुकडा ह्या गेटवेमागे आहे, तो त्या गेटवेमागे. तुमच्या लिनक्सवर एक छोटा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, ती यादी ऐकत बसतो आणि राउटिंग टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेनं जायचं ते, भरत जातो. म्हणजे हॅम ते हॅम ट्रॅफिक थेट जातं, अमेरिकेला वळसा नाही. पण ४४ मधून साध्या इंटरनेटवर जायचं असेल तर मात्र सॅन डिएगोवरून, म्हणजे पुण्यातून मुंबईतल्या सर्व्हरला पिंग, म्हणजे आहेस का अशी हाक, मारायचा तर पॅकेट पॅसिफिक बघून येणार. ते नको असेल तर २५६ पत्त्यांचा, म्हणजे /२४ चा तुकडा घेऊन बीजीपीनं, म्हणजे नेटवर्क एकमेकांना आपले पत्ते सांगतात त्या पद्धतीनं, थेट जाहीर करता येतो, एआरडीसी त्यासाठी पत्र देते, पण ते जाहीर करणारी नेटवर्क कंपनी लागते आणि ते एकट्यादुकट्याचं काम नाही, क्लबचं आहे. नेदरलँड्समधे त्यांनी अख्खा ४४.१३७ असाच जाहीर केलाय आणि देशातले सगळे त्याच्यामागे.

आपल्याकडे खरी अडचण वेगळीच येते. माझ्या घरच्या फायबरला पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा स्वतःचा पत्ता, नाहीच, सीजीनॅट आहे, म्हणजे एकाच पत्त्यामागे अनेक घरं, आणि आयपीआयपी हा टीसीपी नाही की यूडीपी नाही, प्रोटोकॉल नंबर ४, त्यामुळे नॅटला, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या त्या यंत्रणेला, त्याचं काय करायचं कळत नाही आणि ते आतपर्यंत येतच नाही. कस्टमर केअरला हे समजावून सांगायचा नाद मी सोडला, उगाच दोघांचा वेळ जातो. मार्ग असा की महिन्याला थोडे पैसे भरून एक छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्यायचा ज्याला खरा पब्लिक पत्ता आहे, आयपीआयपीचा बोगदा तिथे उतरवायचा आणि तिथून घरी वायरगार्ड, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला दुसरा बोगदा. घरातून बाहेर जाणारं कनेक्शन असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही.

तिथे दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघायच्या. एक, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटमधे जास्तीत जास्त किती बाईट मावतात तो आकडा. आयपीआयपी २० बाईट खातं म्हणून १५०० चे १४८० होतात, वायरगार्डवर अजून कमी, आणि हे सेट केलं नाही तर पिंग छान चालतो पण वेबपेज अर्धवट लटकतं. दुसरं, उत्तर त्याच वाटेनं परत गेलं पाहिजे. बोगद्यातून आलेल्या पॅकेटचं उत्तर लिनक्स आपल्या डिफॉल्ट वाटेनं, म्हणजे साध्या इंटरनेटवरून, पाठवायला बघतं, आणि त्यावर सोर्स, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणून ४४ चा पत्ता असतो, तो व्हीपीएसवाल्या कंपनीचा नाही म्हणून ती ते पॅकेट फेकून देते, आणि तिचं बरोबरच आहे. मग वेगळं राउटिंग टेबल करायचं आणि नियम लिहायचा की सोर्स ४४ असेल तर ह्या टेबलानं जा. टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन, लावून बसलं की हे लगेच दिसतं, बोगद्यावर रिक्वेस्ट येताना दिसते आणि उत्तर दुसऱ्याच इंटरफेसवरून बाहेर पडताना दिसतं.

वायरगार्ड म्हटलं की कुणीतरी लगेच विचारतं, हॅममधे एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, चालत नाही ना? बरोबर, हवेत चालत नाही. अर्थ लपवण्यासाठी संदेश कोड करायचा नाही हे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच आहे. पण घर ते व्हीपीएस हा तुकडा फायबरवर आहे, तिथे काहीही करा. रेडिओच्या टप्प्यावर मात्र एचटीटीपीएस, एसएसएच हे सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं म्हणून बसत नाही आणि तिथे डिजिटल सही वापरायची, म्हणजे संदेश उघडा पण कुणी पाठवला हे पडताळता येतं. लपवणं आणि ओळख पटवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रत्येक क्लबनं नवीन लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवं.

आता विक्रीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी २०११ मधे आयपीव्ही४ चा, म्हणजे ४४ सारख्या चार आकड्यांच्या पत्त्यांचा, जागतिक साठा संपला आणि पत्त्यांना भाव आला. २०१९ मधे एआरडीसीनं ४४.१९२.०.०/१०, म्हणजे चौथा हिस्सा, ४१,९४,३०४ पत्ते, ॲमेझॉनला विकले, साधारण १०.८ कोटी डॉलरना. एका पत्त्याला २५ डॉलरच्या वर पडले. बहुतेक हॅमना बातमी व्यवहार झाल्यावर कळली आणि खूप भांडणं झाली. जर्मनीतलं हॅमनेट, डोंगरांवरून मायक्रोवेव्ह लिंक टाकून उभं केलेलं, त्यातले ४४.२२४ चे पत्ते नेमके विकलेल्या भागात आले आणि त्यांना सगळं उचलून दुसऱ्या नंबरांवर न्यावं लागलं. डोंगरावरचा राउटर रीनंबर करणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल, एक नंबर चुकला की परत चढा.

माझं मत विचाराल तर पैशाचा उपयोग चांगला झाला. त्यातून अनुदानं निघतात, शिष्यवृत्त्या, ओपन सोर्स रेडिओची कामं, एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या रेडिओ क्लबचा छतावरचा जुना मोठा रेडोम, म्हणजे अँटेनावरचा घुमट, वाचवायला मदत झाली. उरलेले १,२५,८२,९१२ पत्तेसुद्धा आपण हॅम आहोत तेवढ्यांत संपणारे नाहीत. पण आधी विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं लोकांनी फुकट राबून सांभाळलेली गोष्ट होती ती, कागदावर मालक कोण हे नंतरचं.

काही लोक म्हणतात ४४ कशाला, अमेरिकेतल्या एआरईडीएन मेशसारखं, म्हणजे एकमेकांशी आपोआप जोडल्या जाणाऱ्या रेडिओंच्या जाळ्यासारखं, १० नं सुरू होणारे खाजगी पत्ते वापरा. ते सॉफ्टवेअर नोडच्या, म्हणजे जाळ्यातल्या रेडिओच्या, मॅक ॲड्रेसचे (हार्डवेअरच्या कायमच्या नंबराचे) शेवटचे तीन बाईट घेऊन १० च्या पुढे लावतं, कुणाला काही विचारायची गरज नाही, नोडला नाव कॉलसाईनवरून, झालं. पूर आला, भूकंप झाला, वीज गेली, अशा वेळी तासाभरात उभं करायला हे उत्तम आहे, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. फक्त ते पत्ते त्या मेशच्या बाहेर दिसत नाहीत. जगातल्या दुसऱ्या हॅमनं तुमच्या गेटवेला नावानं हाक मारायची असेल तर ४४ च लागतं.

तर आपल्या इथे काय करता येईल. सह्याद्रीत उंच जागांना तोटा नाही, क्लब आहेत, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची पोरं आहेत. क्लबनं एक /२८ मागायचा, १६ पत्ते, सुरुवातीला खूप झाले. त्यातले रिपीटर (उंचावरून सिग्नल पुढे पाठवणारं स्टेशन) आणि गेटवेला वेगळे काढून ठेवायचे, सभासदांना उरलेले, आणि पहिल्या दिवसापासून एक फाईल, पत्ता, कॉलसाईन, कुठल्या जागी, कुठल्या तारखेला दिला, शेवटचा पिंग कधी. ती फाईल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर ठेवायची नाही. डीएनएसची नोंद पत्ता दिला त्याच दिवशी करायची. जो माणूस वर्षभर ऑन एअर नाही त्याला फोन करून विचारायचं, पत्ता परत घेऊ का. पोर्टलवर अकाउंट काढताना कॉलसाईनची पडताळणी होते, तेव्हा लायसन्सची स्वच्छ स्कॅन कॉपी जवळ ठेवा आणि लायसन्सची मुदत संपत आली असेल तर आधी ते रिन्यू करून घ्या. कुणाला व्हीपीएसवरचं राउटिंग टेबल लिहिताना अडलं तर खाली लिहा, माझी कॉन्फिग फाईल देतो.